न गाठलेली खोली

वस्तूला स्वतःचे असे काही काम असते काय? की माणूस तिला जे काम देईल तेच तिचे काम? ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथात पायताणाचे साधे उदाहरण घेऊन या प्रश्नाला हात घातला आहे. पायताण पायात घालता येते, आणि ते दुसऱ्याला देऊन त्याच्या मोबदल्यात धान्यही घेता येते. दोन्ही उपयोग पायताणाचेच; परंतु पहिला त्याच्या स्वभावाला धरून आहे, दुसरा तसा नाही. अदलाबदल करण्यासाठी म्हणून चांभाराने ते शिवलेले नसते. हे विवेचन तेवीसशे वर्षांहून अधिक जुने आहे. आज त्यात तिसऱ्या प्रकाराची भर घालावी लागेल. जे पायातही घालायचे नाही आणि विकायचेही नाही, केवळ आपल्यापाशी आहे एवढ्याच समाधानासाठी जपून ठेवायचे, त्या पायताणाला काय म्हणावे?

हा प्रश्न नीट पारखून पाहण्यासाठी मी येथे एक विशिष्ट वस्तू निवडली आहे : पाणबुड्यांसाठी बनविलेले उंची मनगटी घड्याळ. आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती असे घड्याळ कधी येणार नाही, हे खरे. तरीही ज्या मोहाविषयी मला लिहायचे आहे तो या एका वस्तूत जितका स्वच्छ दिसतो तितका सोन्याच्या पाटल्यांत किंवा नव्या मोटारीत दिसत नाही.

या घड्याळाचा जन्म निकडीतून झाला. स्वित्झर्लंडमधील ब्लांपां या जुन्या घड्याळ कंपनीचे तत्कालीन प्रमुख जाँ-जाक फिश्टर हे स्वतः हौशी पाणबुडे होते. दक्षिण फ्रान्सच्या समुद्रात एकदा खोल पाण्यात असताना त्यांना वेळेचे भान राहिले नाही आणि नळकांड्यातील हवा संपत आली. जीव वाचला, पण पाण्याखाली मिनिटांचा हिशेब ठेवणारे साधन हवे ही गोष्ट त्यांच्या मनावर कायमची कोरली गेली. त्याच सुमारास रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो हे फ्रेंच नौदलाचे दोन अधिकारी आपल्या पाणबुड्या सैनिकांसाठी अशाच घड्याळाच्या शोधात होते. यातून १९५३ साली ‘फिफ्टी फॅदम्स’ हे घड्याळ सिद्ध झाले. पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर. त्या काळी माणसाने उतरण्याची ती मर्यादा मानली जात असे. काळी तबकडी, अंधारात चमकणारे ठळक आकडे आणि तबकडीभोवती बोटांनी फिरविता येणारे कडे, एवढाच त्याचा साज. त्याच वर्षी रोलेक्स कंपनीचे ‘सबमरीनर’ही तयार झाले. ही अवजारे होती. सुताराला जसा रंधा, तसे पाणबुड्याला हे घड्याळ.

पुढे खोलीची शर्यत लागली. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श हे ‘त्रिएस्त’ या यानातून पॅसिफिक महासागराच्या तळाशी सुमारे १०,९०० मीटर खाली पोहोचले, तेव्हा यानाच्या बाहेरच्या अंगाला रोलेक्सचे एक प्रायोगिक घड्याळ बांधलेले होते. ते वर आले तेव्हाही चालू होते. २०२२ साली दोन कंपन्यांनी ही शर्यत दुकानाच्या काचेमागे आणून ठेवली. ओमेगाने ६,००० मीटर खोली सोसणारे घड्याळ विक्रीस काढले आणि रोलेक्सने ११,००० मीटरचे. आता दुसऱ्या बाजूचे आकडे पाहा. हौशी पाणबुड्यांना साधारणपणे ४० मीटरच्या खाली जाऊ देत नाहीत. मार्सेलच्या कोमेक्स या कंपनीचे अत्यंत कसलेले पाणबुडे १९८८ साली विशेष वायुमिश्रणाच्या आधाराने खुल्या समुद्रात ५३४ मीटरपर्यंत काम करून आले. १९९२ साली प्रयोगशाळेतील दाबकक्षात एका माणसाने ७०१ मीटरचा दाब सोसला. म्हणजे हे घड्याळ जिथवर शाबूत राहील तिथे ते ज्या मनगटावर आहे ते मनगट कधीच शाबूत राहणार नाही. शिवाय गेली कित्येक दशके पाणबुडे वेळ, खोली व वर येण्याचा वेग मोजण्यासाठी छोटा संगणक वापरतात. घड्याळ ज्या कामासाठी जन्मले ते काम आता दुसऱ्याच यंत्राने उचलले आहे.

माझे एक स्नेही जहाजावर इंजिनिअर म्हणून पंचवीस-तीस वर्षे काढून आता गावी स्थिरावले आहेत. बोटीवरच्या नोकरीत त्यांना घड्याळांचा छंद जडला आणि आज त्यांच्यापाशी पाणबुड्यांच्या घड्याळांचा लहानसा पण निवडक संग्रह आहे. बाजारात आलेल्या नव्या घड्याळांविषयी त्यांचे मत विचारले तेव्हा त्यांनी जे सांगितले ते मला एखाद्या परीक्षकाला शोभेल असे वाटले. रोलेक्सने २०२४ साली ३,९०० मीटर खोलीचे ‘डीपसी’ घड्याळ अठरा कॅरेट सोन्यात काढले. त्याविषयी ते म्हणाले, “फादर, मखमलीचा नांगर केला तर तो कोण रानात नेईल?” ब्लांपां आणि स्वॉच यांनी मिळून २०२३ साली ‘फिफ्टी फॅदम्स’चे स्वस्त रूप आणले, त्यासाठी दुकानांपुढे रांगा लागल्या. त्यावर त्यांचा आक्षेप वेगळाच होता : “सामान्य माणसाला परवडते हे चांगले. पण आतले यंत्र बंद डबीसारखे, बिघडले तर कारागीर उघडून दुरुस्त करू शकत नाही. दुरुस्त न होणारी वस्तू मुलाला कशी द्यायची?” २०२५ सालच्या ट्यूडर कंपनीच्या १,००० मीटरच्या टायटॅनियम घड्याळाची मात्र त्यांनी मनापासून तारीफ केली. हलके, चकाकी नसलेले, वाचायला सोपे. “हे घड्याळ खोटे बोलत नाही,” एवढेच ते म्हणाले.

‘खोटे बोलत नाही’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. निर्जीव वस्तू प्रामाणिक असू शकते काय? तिच्या घडणीत आणि तिच्या दाव्यात अंतर नसेल तर ती प्रामाणिक म्हणावी. पाणबुड्यांच्या घड्याळासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार घड्याळाने किमान १०० मीटरचा दाब सोसला पाहिजे, छापलेल्या खोलीपेक्षा सव्वापट दाबाखाली त्याची परीक्षा झाली पाहिजे आणि अंधारात २५ सेंटिमीटर अंतरावरून ते वाचता आले पाहिजे. बोलल्यापेक्षा अधिक करून दाखवावे, हा नियम माणसांनाही लागू करता आला तर किती बरे होईल!

संग्राहकांच्या बाजूने आणखीही एक मुद्दा आहे आणि तो डावलणे अन्यायाचे ठरेल. १९६९ साली जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले. त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत स्विस घड्याळ धंद्यातील कामगारांची संख्या सुमारे ९० हजारांवरून ३० हजारांच्या आसपास उतरली. ज्यूरा पर्वतातील गावेच्या गावे बेकार झाली. वेळ पाहण्यासाठी ज्याची गरज उरली नव्हती त्या यांत्रिक घड्याळाला हौशी लोकांनी आश्रय दिला, म्हणून ती कारागिरी टिकली. आपल्याकडे पैठणी विणणारा हात असाच हौसेच्या आश्रयाने टिकलेला आहे. चैन म्हणताच नाक मुरडणाऱ्याने त्या हाताकडेही पाहावे.

इथपर्यंत मी माझ्या स्नेह्यांशी सहमत आहे. पुढे मात्र वाट वेगळी होते.

न वापरलेली क्षमता ही स्वतःत दोषास्पद नाही. मच्छीमार होडीवरील तरंगणारे जाकीट बहुधा वर्षानुवर्षे खुंटीला टांगलेले असते. म्हणून त्यावरचा खर्च कोणी वाया गेला म्हणत नाही. ती शिल्लक कोणाच्या तरी जिवासाठी राखलेली असते. परंतु तीन हजार नऊशे मीटरांची खोली कोणासाठी राखलेली आहे? जिथे कोणीही माणूस जाणार नाही तिथल्या संकटासाठी ती तरतूद आहे. अशी शिल्लक दूरदृष्टीच्या खाती जमा होत नाही. ती मनाला एका कल्पित आयुष्याचा आभास देते : मी कार्यालयात बसतो खरा, पण माझे मनगट समुद्राच्या तळाशी जाऊ शकते. आपण खोली विकत घेतो, गाठत नाही.

याची सर्वांत बोलकी खूण ओरखड्यांत सापडते. नौदलाच्या किंवा कोमेक्सच्या पाणबुड्यांनी प्रत्यक्ष वापरलेली जुनी घड्याळे आज लिलावात नव्या घड्याळांच्या कितीतरी पट किमतीला जातात. त्यांची घासलेली कडी, पिवळसर पडलेले आकडे, काचेवरचे चरे, हे सारे संग्राहकाला अनमोल वाटते, कारण त्यामागे कोणाचे तरी कष्ट आणि धोका आहे. तोच संग्राहक स्वतःच्या नव्या घड्याळाला पाण्याचा थेंब लागू देत नाही. काही जण तर त्यावरचा प्लॅस्टिकचा पापुद्राही काढत नाहीत. कंपन्यांनी हे हेरले आणि नव्या कोऱ्या घड्याळाच्या आकड्यांना मुद्दाम जुनाट पिवळी छटा द्यायला आरंभ केला. दुसऱ्याचे भोगलेले आयुष्य मोलाचे, स्वतःचे मात्र ओरखडाही न लागता राहावे! ही विसंगती केवळ घड्याळापुरती आहे, असे मला वाटत नाही. आपल्या आजोबांच्या खडतर जीवनाच्या गोष्टी आपण अभिमानाने सांगतो आणि आपल्या मुलांच्या वाट्याला लहानसाही चरा येऊ नये म्हणून आयुष्य झिजवतो.

संत ऑगस्टीन यांनी ख्रिस्ती शिकवणुकीवरील आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात मनुष्य आणि वस्तू यांच्या नात्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. मराठीत ते उपयोग आणि उपभोग या जोडशब्दांनी छान व्यक्त होतात. काही गोष्टी पलीकडच्या मुक्कामी पोहोचण्यासाठी वापरायच्या असतात; काहींच्या ठायी मन विसावते. वाहनालाच मुक्काम समजून प्रवासी त्यातच बसून राहिला, तर तो घरी पोहोचत नाही. न वापरलेल्या संग्रहात मला तिसरीच अवस्था दिसते. तेथे उपयोग नाही, आणि खरे पाहता उपभोगही नाही. चोरीची धास्ती, बँकेतील लॉकर, विम्याचा हप्ता, बाजारभाव चढला की उतरला याची रोजची चौकशी : मालक हळूहळू आपल्या वस्तूचा रखवालदार बनतो.

मग असे घड्याळ ठेवणे पाप आहे काय? हा प्रश्न माझ्या स्नेह्यांनी मला सरळच विचारला होता. सरळ ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणणे सोपे आहे, पण त्याने विवेकाचे शिक्षण होत नाही. संत थॉमस ॲक्विनस यांचे या बाबतीतील विवेचन समतोल आहे. वस्तू सांभाळण्याचा आणि तिची व्यवस्था लावण्याचा अधिकार व्यक्तीला असावा, कारण जे सर्वांचे असते त्याची काळजी कोणीच घेत नाही. परंतु तिच्या उपयोगाच्या बाबतीत माणसाने ती केवळ आपली न मानता गरजूंसाठी ती सहज मोकळी करण्याची तयारी ठेवावी. म्हणजे किती ठेवले, यापूर्वी कसे धरले आहे हे पाहावे लागते. मूठ घट्ट मिटलेली आहे की सैल? आपल्या संग्रहातील एक वस्तू उद्या कोणाच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा शिक्षणासाठी विकावी लागली, तर हात थरथरेल काय? ज्याचा हात थरथरणार नाही त्याच्या संग्रहाविषयी मला चिंता नाही. ज्याचा थरथरेल त्याच्या बाबतीत संग्रह कोणाचा आणि संग्राहक कोण, हे विचारावे लागेल.

ही कसोटी श्रीमंतांपुरती नाही, वाचकहो. आपल्या घरोघरी कपाटात न उघडलेले चिनीमातीचे संच आहेत, पाहुण्यांसाठी राखलेल्या आणि पाहुण्यांनाही न दिलेल्या चादरी आहेत, लग्नात एकदाच नेसलेल्या साड्या आहेत. वस्तूंचे एक वेळ जाऊ द्या. आपल्या अंगी असलेली किती क्षमता आपण अशीच झाकून ठेवतो! क्षमा करण्याची ताकद असते, पण ती मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवतो. म्हाताऱ्या आईशी तासभर बोलण्याइतका वेळ असतो, पण तो ‘पुढच्या सुट्टी’साठी शिल्लक टाकतो. आकडा मोठा, खोली भरपूर, आणि पाणी मात्र घोट्यापर्यंतही लागलेले नाही.

या घड्याळाचा एक गुण मात्र मला फार आवडतो आणि तो सोन्यात किंवा खोलीच्या आकड्यात नाही. तबकडीभोवतीचे कडे पाण्यात उतरताना फिरवून त्याची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, म्हणजे किती वेळ गेला हे कड्यावरून वाचता येते. आजच्या घड्याळांत हे कडे एकाच दिशेने, डावीकडे फिरते. त्यामुळे खडकाला घासून ते चुकून सरकले, तर गेलेला वेळ प्रत्यक्षाहून अधिक दिसतो, कमी कधीच दिसत नाही. पाणबुड्या फार तर काही मिनिटे आधी वर येईल. हवा संपेपर्यंत खाली राहणार नाही. चूक होणारच हे गृहीत धरून ती जिवाच्या बाजूने व्हावी, अशी ती रचना आहे.

आपल्यापाशी काय किती आहे आणि त्यातले आपले किती, याचा हिशेब आपणा सर्वांकडूनच चुकणार आहे. तो चुकायचाच असेल तर देण्याच्या बाजूने चुकावा, एवढी रचना तरी आपण आपल्या संसारात करून ठेवू शकतो.