न दिसणारा सांधा

राजोडीच्या आमच्या घरात ओटीवर दोन वस्तू आहेत: पाडलेल्या जुन्या घराच्या सागवानी फळ्या जोडून केलेले टेबल आणि एक पाय निखळलेली खुर्ची. दोहोंचे सांधे बिस्किटांचे. मग टेबल टिकले आणि खुर्ची मोडली ती का, हा प्रश्न आम्हांस केवळ सुतारकामाचा वाटत नाही.

हे बिस्किट म्हणजे बीच लाकडाची, दाबून केलेली लांबट चकती. हेर्मान स्टायनर या स्विस सुताराने १९५०च्या दशकात ही युक्ती काढली. फळ्यांच्या कडांत यंत्राने खाचा पाडायच्या, फेव्हिकॉलसारखा गोंद भरायचा आणि चकती बसवायची. गोंदातील पाणी पिऊन ती फुगते व खाचेत घट्ट होते. (आमच्या समुद्रकाठी पावसाळ्यात ती डबाबंद ठेवावी, नाहीतर कामाआधीच फुगून बसते.)

तथापि टेबलाची ताकद बिस्किटाची नव्हे. रंधा मारून सरळ केलेल्या कडा चांगल्या गोंदाने जोडल्या, तर सांध्याआधी शेजारचे लाकूड फाटते. गोंद ओला असताना फळी वर-खाली होऊ न देणे, हेच बिस्किटाचे खरे काम. खाच थोडी लांब असल्याने फळी आडवी सरकवून नेमकी जुळवताही येते. गोंद सुकला की त्याची सेवा जवळजवळ संपली.

खुर्चीत माणूस मागे रेलला की सांधा पिळतो. विसाव्या क्रमांकाचे बिस्किटदेखील २३ मिलिमीटर रुंद, म्हणजे प्रत्येक लाकडात जेमतेम ११-१२ मिलिमीटर आत. शिवाय पट्टीच्या टोकाला तंतू आडवे कापलेले असतात, तेथे गोंदही नीट धरत नाही. अशा जागी खोल भोक आणि त्यात ठोकून बसवलेले कुसूच हवे. करणाऱ्याने तेवढा वेळ वाचवला.

सांधा लपवणे हीच फसवणूक, असे काही जण म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. टेबलाचाही सांधा लपलेलाच आहे. फरक इतकाच की खुर्ची करणाऱ्यास आतले ठाऊक होते आणि आम्हांस नव्हते. पण आम्ही तरी कोठे विचारले? किंमत मात्र दोनदा पाडून घेतली होती. त्या वाचलेल्या वेळात आमचाही वाटा होता.

आता दुसऱ्या सुताराने पटाशीने भोक पाडण्यास एक दिवस मागितला आहे. मजुरीवर आम्ही घासाघीस केली नाही. कुसू बसवण्यापूर्वी मात्र पाहायला जाणार आहोत.