दाजीचा रिपोर्ट

दाजी हा नौपाड्यातल्या एका जुन्या तीन मजली इमारतीचा बोका. रुंद गालांचा, एक कान फाटलेला, मुक्काम जिन्याखाली. नलूमावशी त्याला दोन वेळ जेवायला घालत, म्हणून तो त्यांचा म्हणायचा. मारामारीत त्याच्या मानेला खोल चावा बसला आणि जखम पिकली, तेव्हा मावशींनी त्याला पिंजऱ्यात घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी जखम धुतली, ती भरली की नसबंदी करून टाकू म्हणाले आणि रक्ताचा थेंब तपासणीच्या पट्टीवर टाकला. काही मिनिटांत पट्टीवर नको असलेली रेघ उमटली. एफआयव्ही.

फाईल कुणीतरी जिन्यात वाचली. संध्याकाळपर्यंत इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन शब्द फिरले: "दाजीला एड्स झालाय." मुलांना जिन्याखाली जायची बंदी झाली. दाजीची स्टीलची ताटली कचऱ्याच्या डब्यात गेली. जिना दिवसातून दोनदा फिनाईलने पुसला जाऊ लागला. सेक्रेटरी नानांनी रविवारी मीटिंग घेतली आणि त्यांच्याच घरातल्या काकू सगळ्यांत आधी बोलल्या. "मावशी, तुमचा जीव आहे त्याच्यावर, कळतं मला. पण माझ्या घरात नातू आहे, चिमी आहे. गोणीत घालून खाडीपलीकडे सोडणारा माणूस मी बघून ठेवलाय." चिमी म्हणजे त्यांनी नुकतंच विकत आणलेलं पांढरंशुभ्र पर्शियन पिल्लू.

मावशी निवृत्त परिचारिका. नव्वदच्या दशकात त्यांच्या वॉर्डात एचआयव्ही झालेला एक तरुण गिरणी कामगार होता. त्याचा सख्खा भाऊ दारात थांबून जेवणाचं ताट पायाने आत सरकवायचा. ते फरशीवर घासत जाणारं ताट मावशी कधी विसरल्या नाहीत. स्पर्शाने, भांड्याने एचआयव्ही पसरत नाही हे तेव्हाही माहीत होतं. पण माहितीपेक्षा भीतीचे पाय जास्त वेगाने धावतात.

एक योगायोग मला सांगावासा वाटतो. 1986 साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे) आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांच्या तपासणीतून भारतातले एचआयव्हीचे पहिले रुग्ण समोर आले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात नील्स पीडरसन आणि जॅनेट यामामोटो यांनी मांजरांमधला एफआयव्ही हा विषाणू वेगळा काढला. दोन्ही विषाणू एकाच कुळातले, इतकंच. मांजराचा माणसाला लागत नाही, कुत्र्यालाही नाही. तरी या मुक्या प्राण्याच्या माथी माणसाच्या आजाराचं नाव बसलं, आणि त्या नावाला चिकटलेली सगळी नालस्तीही.

मावशींनी मीटिंगला डॉक्टरांनाच बोलावलं होतं. ते म्हणाले, "हा विषाणू पसरतो तो मुख्यतः खोल चाव्यातून. अंगाबाहेर तो फार टिकत नाही. नसबंदी झाली की बोक्याची भांडणं कमी होतात, म्हणजे तो धोकाही कमी होतो. नीट सांभाळलं तर असा बोका कित्येक वर्षं धडधाकट जगतो." मग त्यांनी विचारलं, "काकू, चिमीच्या लशी झाल्या का?"

"तिला कशाला लस? ती दाराबाहेर पाऊल टाकत नाही!"

"घ्या, काकू. याच आठवड्यात."

काकूंनी मान हलवली आणि विषय पुन्हा गोणीवर आला. निर्णय पुढच्या रविवारवर गेला.

गुरुवारी चिमीने खाणं सोडलं. अंग तापलं, पिवळ्या फेसाच्या उलट्या सुरू झाल्या. ती पाण्याच्या वाटीवर तोंड टेकवून बसे, पण पाणी पीत नसे. डॉक्टरांनी सलाईन लावलं, विष्ठा तपासली. पॅनल्युकोपेनिया. या आजारात आतडी सोलवटतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात आणि लहान पिल्लं बघता बघता जातात. शनिवारी पहाटे चिमी गेली.

काकू रडत मावशींच्या दारात आल्या. "दाजीचंच लागलं ना तिला?"

मावशींनी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. "नाही हो. हा विषाणूच वेगळा. चपलेच्या तळव्याला, कपड्याला लागून घरात येतो. घरात वर्षभरसुद्धा टिकतो. साध्या फिनाईलवर भरवसा नाही, ब्लीचच्या पाण्याने पुसावं लागतं. आणि त्याच्यावर चांगली लस आहे."

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्या घरातून जिन्याखालच्या बोक्यावर सगळ्यांची नजर होती. उंबऱ्यातल्या चपलांकडे कुणी पाहिलं नव्हतं. हे मला त्या पिल्लाच्या मरणाइतकंच दुःखाचं वाटतं. भीती होती, काळजीही होती, पण दोन्ही चुकीच्या दाराशी उभ्या होत्या.

रविवारी मीटिंग झाली. काकूंनी गोणीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. मग नानांकडे वळून म्हणाल्या, "मीटरच्या खोलीमागे तीन पिल्लं आहेत. त्यांच्या लशींचा खर्च मी करते. मावशी, तुमचा पिंजरा उद्या मिळेल का?"

"मिळेल," मावशी म्हणाल्या, "पण आधी तो ब्लीचने धुऊया."