देणगीदाराची नोंद आणि ओळख

देणगीदारांची माहिती संगणकात साठवून कोण किती देईल याचा अंदाज बांधणे दानधर्माला बाधक आहे का? गीतेचा सतरावा अध्याय सात्त्विक दानासाठी देश, काळ आणि पात्र पाहायला सांगतो. म्हणजे दानात डोळसपणा मुळातच अपेक्षित आहे. मात्र तोच अध्याय परतफेडीवर डोळा ठेवून केलेल्या दानाला राजस ठरवतो. हा निकष मागणाऱ्यालाही लावला पाहिजे: किती मिळेल यावरून त्याने देणाऱ्याला तोलू नये. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेसाठी कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुष्टिफंड उभारला. घरोघरच्या बाया मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. रकमेच्या उतरंडीत ही घरे अगदी तळाशी गेली असती. पण त्या मुठीने मुलांची पोटे भरली आणि संस्था रयतेची झाली.

यावर आक्षेप येतो, की प्रत्येक लहान देणगीदाराची विचारपूस करणे परवडत नाही. त्यावर खर्च होणारा पैसा कामावर लागायला हवा. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच नोंदी हव्यात. दहा हजार नावे कुणाच्या लक्षात राहणार? पावती वेळेत जावी, दिवंगत देणगीदाराच्या घरी मागणीचे पत्र जाऊ नये, एवढे काम आकड्यांनी चोख करावे. माणसाची किंमत ठरवण्याचा अधिकार मात्र संस्थांनी आकड्यांना देऊ नये.