संध्याकाळचा टाळ

आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीबरोबर जे पायी चालले आहेत, त्यांनी मुक्कामावरची समाज आरती पाहिलीच असेल. ज्यांना तो योग आला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पालखी तळावर येते, भोवती दिंड्या उभ्या राहतात, टाळांचा एकच गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंच करतात आणि क्षणात सारे शांत! मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार त्या आवाजाच्या रोखाने जातात, म्हणणे ऐकून घेतात, मग तेही टाळ थांबतात. हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो आणि आरती.

यातले मर्म आम्हाला फार उशिरा कळले. वारीत गाऱ्हाणे सांगूच नये, असे कोणी म्हटलेले नाही. दुपारचे गाऱ्हाणे संध्याकाळी सांगावे, इतकेच. मधली वाट नामात चालायची.

एका वर्षी दुपारच्या विसाव्याला आमची झाडाखालची जागा दुसऱ्या एका दिंडीच्या ट्रकने अडवली. आम्ही तावातावाने गेलो. त्यांच्यातले एक वृद्ध वारकरी हात जोडून म्हणाले, "माउली, जरा ऐकून तर घ्या." आम्ही कुठले ऐकतो! बोलू नये ते बोललो. गळ्यात माळ, कपाळी बुक्का, आणि जिभेवर ते शब्द! संध्याकाळी आमचे टाळ वाजले, चोपदार आले, दोन मिनिटांत तोड निघाली. पण दुपारी जे तोंडातून गेले, ते कोणत्या चोपदाराने परत आणायचे?

आपण म्हणतो, "त्यानं राग आणला, मी काय करू?" अहो, एकादशीला कोणी ताट पुढे केले तर आपण चिडतो का? विचारात तरी पडतो का? नाही; कारण ते दशमीलाच ठरलेले असते. पोटाची दशमी आपण पाळतो, जिभेची पाळत नाही. घरात आज कोणाच्या कोणत्या बोलण्याने आपला तोल जाणार, हे सकाळी काकड्यालाच बहुधा ठाऊक असते. सासूला ठाऊक असते, सुनेलाही असते. तेव्हाच ठरवावे, की याचे उत्तर संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर देऊ. तोवर ते द्यावेसे वाटले तर अवश्य द्यावे.

हे एका दिवसात साधत नाही. लोकनिंदेने व्यथित होऊन खुद्द ज्ञानोबारायांनी ताटी लावून घेतली, आणि ती उघडावी म्हणून धाकट्या मुक्ताईला विनवावे लागले, असे परंपरा सांगते. मग आपली काय कथा?

त्या वृद्ध वारकऱ्यांना आम्ही पुढे रोज शोधत होतो. भेटले ते थेट वाखरीला. आम्ही पाया पडायला वाकतो तोच ते आमच्या पायांवर वाकलेले. चुकलो म्हणून सांगितले, ट्रकची आठवण दिली. ते आमच्याकडे पाहतच राहिले.

"कुठला ट्रक, माउली?"