अणूंची समता

शाळाशाळांतून वक्तृत्वस्पर्धा होतात, त्यांत एक वाक्य हटकून ऐकू येते. विषय राष्ट्रीय एकात्मतेचा असो की विज्ञानयुगाचा, वेळ संपल्याची घंटा होण्याच्या बेतात असताना एखादी मुलगी हात उंचावून म्हणते, "अणूला जात नसते, मग अणूंनीच बनलेल्या माणसाला जात आली कुठून?" टाळ्या पडतात. परीक्षकाच्या खुर्चीत बसून मीही हे वाक्य अनेकदा ऐकले आहे आणि त्यामागचे निर्मळ मन ओळखून गुणही दिले आहेत. परंतु युक्तिवाद म्हणून ते कितपत टिकते, हा प्रश्न बरेच दिवस माझ्या मनात घोळतो आहे. ज्या भिंतीवर एवढे मोठे छप्पर टाकायचे, ती आधी ठोकून पाहिलेली बरी.

तेव्हा प्रथम अणूकडेच वळू. १८९७ साली जे. जे. टॉमसन यांनी केंब्रिजला इलेक्ट्रॉन शोधून काढला आणि अणू अभंग असतो ही जुनी समजूत गेली. पुढे १९०९ मध्ये मँचेस्टर येथे गायगर आणि मार्सडेन या दोघांनी सोन्याच्या वर्खावर अल्फा कणांचा मारा केला. आपण मिठाईवर लावतो तसाच वर्ख, फक्त सोन्याचा. बहुतेक कण आरपार गेले. पण हजारो कणांतला एखादा चक्क मागे परतला! त्यावरून १९११ साली रदरफर्ड यांनी अनुमान काढले की, अणूचे जवळजवळ सगळे वजन त्याच्या मध्यभागी एका अतिसूक्ष्म केंद्रकात कोंडलेले आहे. ते केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढे मानले, तर अणूचा विस्तार सुमारे चारशे मीटर भरेल. केंद्रकात प्रोटॉन असतात आणि १९३२ साली चॅडविक यांना सापडलेले न्यूट्रॉनही असतात. इलेक्ट्रॉन बाहेर, आणि तो इतका हलका की, एका प्रोटॉनचे वजन अठराशेहून अधिक इलेक्ट्रॉनांइतके होते. प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्याही पोटात क्वार्क निघाले, पण तिथवर आज जाण्याचे कारण नाही.

मला सर्वांत नवल वाटते ते प्रोटॉनांच्या मोजणीचे. लक्ष्मीपूजनाला आपण ज्याची पूजा मांडतो त्या सोन्याच्या अणूत ७९ प्रोटॉन असतात. पाऱ्याच्या अणूत ८०. धातूंमधली आपण मानलेली सारी श्रेष्ठकनिष्ठता या एका आकड्यावर उभी आहे. सोन्याचे प्रोटॉन काही अधिक कुलीन नसतात. लोखंडाच्या गंजलेल्या खिळ्यात असतात तेच.

आपल्याकडच्या वैशेषिकांनी या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला होता. कणादांच्या परंपरेत परमाणू नित्य मानले आहेत. मग पृथ्वीचे दोन परमाणू सर्व गुणांनी सारखे असतील, तर ते दोन आहेत हे कशावरून? त्यांचे उत्तर असे की, प्रत्येकात 'विशेष' नावाचे काहीतरी असते आणि ते एकाला दुसऱ्यापासून वेगळे करते. या 'विशेषा'वरूनच दर्शनाला वैशेषिक हे नाव पडले, असे सांगतात. उत्तर चतुर आहे. पण आधुनिक पदार्थविज्ञानाने नेमके तेच नाकारले आहे. आणि ते नाकारण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे.

सत्येंद्रनाथ बोस १९२४ साली ढाक्याच्या विद्यापीठात शिकवीत होते. दोन नाणी उडवली तर चार प्रकार संभवतात : दोन्ही छापे, दोन्ही काटे, पहिल्याचा छापा नि दुसऱ्याचा काटा, आणि याच्या उलट. हे झाले आपल्या खिशातल्या नाण्यांचे. पण 'पहिले' आणि 'दुसरे' या शब्दांना काही अर्थच नसेल तर? मग शेवटचे दोन प्रकार एकच ठरतात आणि प्रकार तीनच उरतात. प्रकाशाच्या कणांची मोजणी बोस यांनी या रीतीने केली आणि प्लँक यांचा नियम त्यातून स्वच्छ बाहेर पडला. त्यांनी तो लेख आइन्स्टाइन यांना पाठविला. त्यांनी स्वतः त्याचा जर्मन अनुवाद करून तो छापून आणला. इलेक्ट्रॉनांच्या मोजणीचा नियम निराळा आहे. एका अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन राहू शकत नाहीत. पण तेही नावगाव नसलेलेच. हा इलेक्ट्रॉन आणि तो इलेक्ट्रॉन यांची अदलाबदल झाली, तर झाली असे म्हणायलाही जागा उरत नाही. 'विशेष' औषधालाही सापडत नाही!

इथवर आले म्हणजे वाटते, वक्तृत्वस्पर्धेतली ती मुलगी बरोबरच बोलत होती. हेच मी वर्गात सांगत असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी तो फारसा बोलत नसे. म्हणाला, "बाई, मग कोळशातपण तेच आहेत ना? मग मी आन् कोळसापण सारखेच का?" वर्ग हसला. मी हसले नाही, कारण प्रश्न बिनतोड होता. कोळशातला कार्बन आणि त्या मुलाच्या हाडामांसातला कार्बन यांत काडीचा फरक नाही. कोळसा शेगडीत घालायला आपण कचरत नाही. तेव्हा माणसाला माणूस म्हणून वागवायचे ते त्याच्यातल्या अणूंकडे बघून नव्हे, हे उघड आहे.

आपल्या भाषेत 'सारखे' हा एकच शब्द दोन ठिकाणी राबतो. दोन इलेक्ट्रॉन सारखे आहेत आणि दोन माणसांना सारखे वागवावे. पहिला सारखेपणा कोणी दिलेला नाही, कोणी काढून घेऊ शकत नाही. दुसरा मात्र, जी दोन माणसे रंगाने, बुद्धीने, अंगबळाने निरनिराळी आहेत त्यांच्यासाठी मागायचा असतो. त्याचा पाया पहिल्यावर घातला की मोठा धोका संभवतो. उद्या कोणी जनुके तपासून दोन समाजांत अमुक एक फरक दाखविला, तर समता मागे घ्यायची काय? गेल्या शतकात कवट्यांची मापे घेऊन माणसांच्या पायऱ्या लावणारे विद्वान होऊन गेले. त्यांची मापे चुकीची होती हे तर खरेच. पण ती बरोबर ठरली असती तरी कोणाला पायरीखाली उभे करण्याचा हक्क त्यांना मिळाला नसता.

महाडचे उदाहरण घ्या. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. लगोलग सनातन्यांनी तळे बाटले म्हणून १०८ घागरी पाण्यात पंचगव्य कालवून, मंत्र म्हणून, ते तळ्यात ओतले. आता कल्पना करा, तिथे एखादा रसायनाचा प्राध्यापक जाऊन म्हणाला असता, "अहो, पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू नि ऑक्सिजनचा एक, कोणी ओंजळ भरली म्हणून त्यात फरक पडत नाही." त्याचे कोणी ऐकले असते? जनावरे त्या तळ्यावर पाणी पीत, तेव्हा ते बाटत नव्हतेच. म्हणजे पाण्याचे काय होते, हा वादाचा मुद्दाच नव्हता. वाद पिणाऱ्याच्या पायरीचा होता. आंबेडकरांनीही त्याच वर्षाच्या अखेरीस महाडात सांगितले की, या पाण्यावाचून आपले अडले होते असे नाही. इतरांसारखी आपणही माणसे आहोत हे दाखविण्यासाठी तिथे जायचे.

मला त्यांचे १९३६ सालचे भाषण अधिक मोलाचे वाटते. लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी ते लिहिले होते. परिषदच रद्द झाली आणि त्यांनी ते स्वतः छापले. समतेवर घेतला जाणारा आक्षेप, माणसे मुळात समान नसतात हा, त्यांनी त्यात सरळ मान्य केला आहे. आनुवंशिकता निराळी, घरचे संस्कार निराळे, प्रयत्न निराळे. एवढे कबूल करून ते म्हणतात की, तरीही समता हे वागणुकीचे तत्त्व म्हणून पत्करलेच पाहिजे. वकिलाने विरोधकाचा सर्वांत भारी पुरावा आधीच टेबलावर ठेवून खटला चालवावा, तसे हे आहे. अणूंचा हवाला त्यांना घ्यावा लागला नाही.

अणुविद्या या कामी अगदीच निरुपयोगी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. रक्ताचा कस, बीजाची शुद्धता अशा शब्दांनी जे लोक उच्चनीचतेला निसर्गाची साक्ष काढतात, त्यांचा साक्षीदार ती फोडते. निसर्गाने असे काही लिहून दिलेले नाही, एवढे ती ठामपणे सांगते. त्यापुढे काय लिहायचे, हे तिला विचारून उपयोग नाही.

घटना समितीने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संमत केले. आज ते घटनेत सतरावे आहे. मी ते मुलांना फळ्यावर लिहून देते. अवघी दोन वाक्ये आहेत : अस्पृश्यता नष्ट केली आहे, तिचे कोणत्याही रूपातले आचरण निषिद्ध आहे, आणि तिच्यातून उद्भवणारी कोणतीही निःसमर्थता लादणे हा कायद्यानुसार शिक्षेस पात्र असा अपराध आहे. त्या मागच्या बाकावरच्या मुलाने ते वहीत उतरून घेतले आणि विचारले, "बाई, यात 'कारण' कुठं लिहिलंय?" लिहिलेले नाही, मी सांगितले.