धडकेत दबायचं कुणी?

पाठ टेकून बसा. दोन्ही तळवे जमिनीला नीट टेकू द्या. आज मनाला एकच प्रश्न द्यायचा आहे: धावणारी वस्तू थांबते तेव्हा तिचं धावणं जातं कुठे? उत्तराची घाई नको. प्रश्न थोडा मुरू द्या.

कल्याणहून सुटलेली बदलापूर लोकल डोळ्यांपुढे आणा. विठ्ठलवाडी गेलं, उल्हासनगर गेलं, अंबरनाथ जवळ येतंय. तुम्ही दरवाज्याजवळच्या मोकळ्या जागेत उभे आहात. गाडीचा वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर धरू. तुमचं वजन धरू ६० किलो. दोन्हींचा गुणाकार १,२००. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात हाच संवेग. तुम्ही मोबाइल बघत असा की उभ्या उभ्या पेंगत असा, हे १,२०० तुमच्या अंगात असतातच. फलाटावर पाय ठेवण्याआधी ते शून्य व्हायला हवेत. या देण्यात सूट मिळत नाही. हप्ते मात्र पाडून मिळतात.

मोटरमनने ब्रेक लावला. गाडी २५ सेकंदांत थांबली, तर १,२०० भागिले २५, म्हणजे ४८ न्यूटन. जेमतेम पाच किलो वजनाचा जोर. आता लक्ष अंगाकडे न्या. आधी तळवे थांबतात, कारण त्यांना डब्याची जमीन अडवते. गुडघे, कंबर, खांदे मागून कळतात. डोकं अजून अंबरनाथच्या दिशेने निघालेलंच असतं. बोटं आपसूक वरच्या कडीभोवती आवळतात. कुणी शिकवलेलं नसतं, पण रोजच्या प्रवाशाचं शरीर हा भागाकार करत असतं.

इथे थोडं थांबा. ते १,२०० गेले कुठे? गाडीच्या ऊर्जेचा काही भाग आजच्या लोकल विजेच्या रूपात वरच्या तारेला परत देतात. संवेग तारेत जात नाही. तो तळव्यांतून डब्यात, चाकांतून रुळात, रुळाखालच्या खडीत आणि शेवटी पृथ्वीत जातो. पृथ्वी एवढी मोठी की तिला काही जाणवत नाही. पण नाहीसं झालं असं काहीच नाही. सगळं कुणीतरी घेतलेलं आहे.

हाच डबा आता गर्दीने भरा. कडीपर्यंत हात पोचत नाही, पाय रोवायला जागा नाही. ब्रेक लागताच मागचा पुढच्यावर, पुढचा त्याच्या पुढच्यावर कलतो. दहा जणांनी आपापले ४८ न्यूटन पुढे ढकलले, तर पार्टिशनला टेकलेल्या शेवटच्या माणसाच्या छातीवर जवळजवळ ५० किलोंचा भार येतो. पत्रा दबत नाही, म्हणून तो दबतो. धक्का सगळ्यांचा असतो आणि सोसतो एकच जण, हे आपण रोज पाहतो आणि उतरल्यावर विसरतो.

आता भागाकारातला खालचा आकडा बदला. २५ सेकंदांच्या जागी सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवा. १,२०० तेच, पण उत्तर ६०,००० न्यूटन. सहा टनांहून जास्त. दारात लटकलेला माणूस रुळांकडेच्या खांबावर आदळतो तेव्हा गणित याच जातीचं असतं. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ विरुद्ध दिशांच्या दोन लोकलच्या पायदानांवर लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले. किमान चार जणांचा जीव गेला. समोरासमोरच्या दोन गाड्यांचे वेग एकमेकांत मिळवले जातात. थांबायला तिथे वेळ नव्हता, आणि दबायला माणसांशिवाय कुणी नव्हतं.

श्वास सोडा. दृश्य बदलू.

सीझन बॉलचं वजन सुमारे १६० ग्रॅम. तो त्याच वेगाने, सेकंदाला २० मीटरने, तुमच्याकडे येतोय. हात ताठ ठेवलेत तर तो सेकंदाच्या दोनशेव्या भागात थांबेल आणि तळव्यावर ६५ किलोंचा दणका बसेल. हात चेंडूबरोबर अर्धा मीटर मागे नेलेत तर वेळ दहापट वाढतो आणि दणका साडेसहा किलोंवर येतो. चेंडू तोच, झेलही तोच. आणि तो भिंतीवरून जवळजवळ तेवढ्याच वेगाने परत आला, तर भिंतीला हिशेब दुपटीने चुकवावा लागतो: आधी त्याला थांबवायचं, मग उलटं पाठवायचं.

आता अंबरनाथच्या शिवमंदिरासमोर उभे राहा. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेलं, शिलाहारांच्या काळातलं हे दगडी देऊळ. आषाढातली सर येते. एक टपोरा थेंब कोरीव दगडावर पडतो. सावकाश बघा. दगड तसूभर हलत नाही. थेंबच चपटा होतो, कडेने पसरतो, फुटून उडतो. म्हणजे मऊपणा खालच्या पृष्ठभागाकडेच असायला हवा असं नाही. दोघांपैकी एकाकडे असला तरी भागतं. शेजारच्या मातीत तोच थेंब पडला तर दोघंही दबतात आणि मातीत खळगा उरतो.

मऊपणाचीही परीक्षा घ्या. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गादी घेणारा आधी फोममध्ये मूठ रुतवून बघतो. पातळ फोम छान दबतो, दबत राहतो आणि अचानक खालचा प्लाय बोटांना लागतो. तिथे मऊपणा संपला. नुसतं मऊ असून चालत नाही, दबायला पुरेशी जाडीही लागते.

जाडी असली तरी वेळ लागतोच. बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या कुंडात पाय सोडले तर पाणी हळूच बाजूला होतं. दहा मीटर उंचीवरून पडणारा माणूस मात्र पाण्याशी ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने पोचतो. बाजूला व्हायला पाण्याला सवड मिळत नाही आणि ते अंगाला फटका मारतं. वर नुसतं पाणी दिसतं, खालचा खडक दिसत नाही. पाणी मऊ आहे, हे अर्धंच खरं. त्याला वेळ दिला तरच ते मऊ आहे.

ही सगळी दृश्यं आता शेजारी शेजारी मांडा आणि प्रत्येकाला एकच विचारा: इथे दबलं कोण? लोकलच्या गर्दीत शेवटचा माणूस. झेलात मागे गेलेला हात. देवळावर थेंब. मुंब्र्याला माणसं. धडक झाली की कुणीतरी दबणारच. आपल्या हातात एवढंच आहे की कोण दबणार हे आधी ठरवून ठेवायचं.

काटई नाक्याहून बदलापूरला येणारा दुचाकीस्वार हेल्मेट घालतो तेव्हा त्याने हेच ठरवलेलं असतं. वरचं कवच कठीण असतं, पण मुख्य काम आतल्या थर्मोकोलचं. डोकं आपटतं तेव्हा थर्मोकोल चिरडलं जातं आणि डोक्याला थांबायला सेकंदाचे काही हजारांश भाग जास्त मिळवून देतं. जीव तेवढ्यावर वाचू शकतो.

दाबलेला फोम पुन्हा फुगतो. चिरडलेलं थर्मोकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट, वरून कितीही धड दिसलं, तरी पुन्हा डोक्यावर चढवू नका. नवीन घ्या.