थांबवणारा वायू

वाढ म्हटली की आपण तिला चालना देणारं काय, एवढंच शोधतो. चेतापेशींच्या अभ्यासाची सुरुवातही तशीच झाली. १९५०च्या दशकाच्या आरंभी रीटा लेवी-मोंताल्चिनी यांनी उंदराच्या कर्करोगाची गाठ कोंबडीच्या गर्भात रुजवली, तेव्हा गर्भातल्या चेतातंतूंना उधाण आलं. त्यातून नर्व्ह ग्रोथ फॅक्टर हे प्रथिन हाती लागलं आणि १९८६ साली स्टॅनली कोहेन यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. पेशी थांबते कशी, हा प्रश्न त्या मानाने मागे राहिला. मला तोच अधिक मोलाचा वाटतो, कारण कर्करोगाची गाठ म्हणजे थांबायचं विसरलेल्या पेशीच.

या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडला. नायट्रिक ऑक्साइड हा गाड्यांच्या धुरातला विषारी वायू. शरीर तो स्वतः बनवत असेल, असं कुणाच्या मनात येणं कठीण होतं. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर काहीतरी सोडतं आणि त्याने वाहिनी सैलावते, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० साली दाखवलं. ते ‘काहीतरी’ म्हणजे हाच वायू, हे सात वर्षांत स्पष्ट झालं. १९८८ साली जॉन गार्थवेट यांनी लहान मेंदूच्या पेशींतही तसाच संदेश ओळखला. चेतापेशींचे इतर निरोप्ये सूक्ष्म पिशव्यांत साठवले जातात. हा वायू साठवता येत नाही. तयार होताच तो पेशीच्या पडद्यातून आरपार जातो आणि काही सेकंदांत संपतो.

१९९५ साली कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत नताल्या पेउनोवा आणि ग्रिगोरी एनिकोलोपोव यांनी या दोन धाग्यांची गाठ मारली. त्यांच्यापुढे पीसी-१२ पेशी होत्या, उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठीतून मिळवलेल्या. त्यांना नर्व्ह ग्रोथ फॅक्टर दिला की त्या विभाजन थांबवतात, तंतू फेकतात, चेतापेशींसारख्या होतात. मधली कडी नायट्रिक ऑक्साइडची निघाली. वाढीच्या त्या प्रथिनामुळे पेशी हा वायू बनवणारं एन्झाइम तयार करत होत्या आणि वायू विभाजनाला लगाम घालत होता. एन्झाइम रोखलं, तर पेशी विभागत राहिल्या; पुरत्या घडल्याच नाहीत. म्हणजे थांबणं हा घडण्याचाच एक टप्पा होता. या सगळ्या इतिहासात मला हा प्रयोग सर्वांत सुंदर वाटतो.

पुढच्याच वर्षी फळमाशीच्या अळीत हे एन्झाइम अडवल्यावर प्रौढ माशीचे अवयव प्रमाणाबाहेर मोठे झाले. २००३ साली प्रौढ उंदरांच्या मेंदूत तेच केलं, तर नव्या चेतापेशींची संख्या वाढली.

मग मेंदूच्या गाठीला हा वायू दिला की काम झालं, असं वाटणं साहजिक होतं. ग्लायोमा या मेंदूच्या गाठीने ती आशा मोडली. या गाठीतल्या रक्तवाहिन्यांजवळचा नायट्रिक ऑक्साइड कर्कपेशींचे मूळपेशींसारखे गुण टिकवतो, असं २०१०च्या एका अभ्यासात उंदरांवर दिसलं. ग्लायोमाच्या मूळपेशी एनओएस-२ या एन्झाइमच्या साहाय्याने तो स्वतःच बनवतात आणि ते रोखल्यावर उंदरांतली गाठ मंदावते, हे २०११ साली पुढे आलं. लगेच २०१२ साली उलट निकाल आला: लहान मेंदूत मेड्युलोब्लास्टोमा ही गाठ होण्याची जनुकीय प्रवृत्ती असलेल्या उंदरांत हेच एन्झाइम काढून टाकलं, तर गाठी अधिक झाल्या.

अशा वेळी ‘दुधारी शस्त्र’ म्हणून मोकळं होण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही, कारण तिने काहीच उलगडत नाही. वायू एकच असला तरी तो ऐकणारी पेशी वेगळी असते. चेतापेशी होण्याच्या वाटेवर असलेली पेशी त्याच्या इशाऱ्यावर विभाजन सोडते. ग्लायोमाची मूळपेशी त्याच रेणूवर पोसली जाते. मात्रेचाही प्रश्न आहे. अल्प प्रमाणात संदेश देणारा हा रेणू फार झाला, तर पेशीच्या डीएनएलाच इजा करतो.

आज बाजारात नायट्रिक ऑक्साइड वाढवण्याचा दावा करणाऱ्या पावडरी आणि गोळ्या सहज मिळतात. त्यांनी माणसाच्या मेंदूतली गाठ वाढते, असं सिद्ध झालेलं नाही. घटते, असंही नाही. घरात अशा गाठीचा रुग्ण असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही त्याला देऊ नका.